सिनेमा ऐकणाऱ्यांनी तो बघायला कसे शिकावे

माझी भाची डिचोलीहून रोज पणजीला कॉलेजला येते. पहिल्या वर्षाला तिने चित्रपटाचा पेपर घेतला आणि पहिल्याच सत्रात तिला 'फँड्री'वर, म्हणजे जब्या या कैकाडी शाळकरी मुलाच्या गोष्टीच्या मराठी सिनेमावर, चार पाने लिहून द्यायची होती. लिहिलेले घेऊन ती माझ्याकडे आली. साडेतीन पाने कथा होती, नेटकी आणि ओघवती. उरलेल्या अर्ध्या पानात दोनच गोष्टी फिरून फिरून येत होत्या: दिग्दर्शकाने जातिव्यवस्थेवर प्रखर भाष्य केले आहे आणि छायाचित्रण अप्रतिम आहे. मी विचारले, "शेवटचा दगड जब्या कोणाला मारतो?"

"गावातल्या पोरांना, मावशी."

"परत बघ."

तिने लॅपटॉपवर शेवटची पाच मिनिटे लावली. दगड सरळ आपल्याच अंगावर आला, पडदा काळा झाला, तशी ती गप्प झाली. सिनेमा तिने दोनदा पाहिला होता. त्यातले संवाद तिला पाठ होते.

संवाद पाठ होते, यातच सगळे आले. गोव्यात आपण मराठी नाटकावर वाढलेली माणसे आहोत. माझ्या लहानपणी जत्रेच्या रात्री देवळाच्या मांडवात नाटक असायचे. बायका-मुले चटया टाकून मागे बसायची आणि तिथून नटाचा चेहरा धड दिसायचा नाही. दिसायचे ते रंगीत कपडे, पोहोचायचा तो आवाज. कोणी शब्द खाल्ला तर अख्ख्या मांडवाला कळे. ही तयारी मोठी आहे, ती कमी लेखू नका. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेला आजही गावोगावची मंडळी ज्या कानाने नाटक ऐकतात, तो कान फार थोड्या प्रेक्षकांकडे असतो. पण त्याच सवयीने आपण सिनेमालाही जातो. संवाद आणि गोष्ट घेऊन बाहेर पडतो आणि चौकट, उजेड, कट (एक दृश्य तोडून दुसरे जोडणे) यांच्यातून जे सांगितले गेले ते खुर्चीतच राहते.

म्हणून या लेखाचा पहिला भाग डोळ्यांच्या तालमीचा आहे. चित्रपटाकडे बघण्याचे निरनिराळे दृष्टिकोन त्यानंतर येतील. क्रम मी जाणूनबुजून असा ठेवला आहे. पुष्कळ विद्यार्थी आधी सिद्धान्त निवडतात, मग सिनेमात त्याचे पुरावे शोधतात. असे शोधले की पुरावे सापडतातच, आणि सिनेमा मात्र न बघितलेलाच राहतो.

एक प्रसंग निवडा

पूर्ण सिनेमाचे विश्लेषण सुरुवातीला करू नका. तीन ते पाच मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर पाच मिनिटांत ७२०० चौकटी होतात. पहिल्या महिन्याला तेवढे काम पुरते.

प्रसंग कसा निवडावा? सर्वांत गाजलेला घेऊ नका, त्यावर इतरांनी लिहिलेले तुमच्या डोक्यात आधीच बसलेले असते. ज्या जागी तुम्हाला काहीतरी टोचले, कंटाळा आला किंवा "हे इतका वेळ का दाखवतायत?" असे वाटले, ती जागा धरा. कंटाळा ही फार चांगली खूण आहे. तुमची अपेक्षा आणि दिग्दर्शकाचा निर्णय जिथे जुळत नाहीत, तिथे तो येतो.

'फँड्री'पुरते सांगायचे तर मी भाचीला डुक्कर पकडण्याचा प्रसंग घ्यायला लावला. जब्याचे कैकाडी कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावते आहे, शाळेतली मुले बघताहेत, हसताहेत, आणि मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, घरचेही उभे राहतात. डुकराला थांबायचे काही कारण नाही. पुढे सगळी उदाहरणे शक्यतो याच प्रसंगाची देते. एकच प्रसंग सात बाजूंनी पाहण्यात जे शिकायला मिळते, ते सात सिनेमे एकेकदा पाहून मिळत नाही.

चार वेळा बघा, चार तऱ्हांनी

पहिल्यांदा पूर्ण सिनेमा बघा. वही नको, मोबाइल दुसऱ्या खोलीत. संपल्याबरोबर, कोणाशीही बोलण्याआधी, आठवतील त्या दहा गोष्टी लिहा. वाक्ये नकोत, नुसत्या वस्तू, रंग, आवाज, चेहरे. ही यादी जपून ठेवा. सिनेमाने तुमच्यावर काय केले याचा हा एकमेव ताजा पुरावा आहे आणि दुसऱ्या दिवशी तो बदलतो.

दुसऱ्यांदा फक्त निवडलेला प्रसंग, आवाज पूर्ण बंद करून. आपल्यासारख्या नाटकवाल्यांना ही पायरी जड जाते. पहिली दोन मिनिटे काही घडतच नाही असे वाटते. मग हळूहळू कोण कुठे उभे आहे, कोण चौकटीच्या कडेला ढकलले गेले आहे, उजेड कुठून येतो, हे दिसू लागते.

तिसऱ्यांदा उलटे करा. पडदा कापडाने झाका आणि नुसते ऐका. संवादांखाली काय आहे? वारा, भांडी, लांबचा लाऊडस्पीकर, की काहीच नाही? शांततेचीसुद्धा नोंद करा. व्ही. शांताराम यांनी १९३७ साली 'कुंकू'त पार्श्वसंगीताचा आधार सोडून प्रसंगातल्या स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली होती. न वाजणारे संगीत हाही निर्णय असतो, हे त्यातून नीट कळते.

चौथ्यांदा कळ दाबत दाबत, शॉटनिहाय, म्हणजे दोन कटांमधला एकेक सलग तुकडा घेऊन. व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी 'ई'ची कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते. कट नेमका कुठे पडतो ते अशा वेळी हाताला लागते.

शॉटची वही

आडवी पाने असलेली वही घ्या आणि सहा रकाने आखा: क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी सेकंदांत, कॅमेरा किती दूर (लाँग, मिड, क्लोजअप), कॅमेरा हलतो का, आणि काय दिसते व ऐकू येते. "काय वाटले" हा रकाना ठेवायचा नाही. भाचीने तो आखला होता, मी तो कापायला लावला.

पाच मिनिटांच्या प्रसंगाला पहिल्यांदा दोन ते तीन तास लागतील. काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. भरतकाम उलट्या बाजूने बघितल्याशिवाय टाका समजत नाही, तसे आहे हे.

वही भरली की मोजायला बसा. डुकराच्या प्रसंगात धावणाऱ्यांचे शॉट किती, बघणाऱ्यांचे किती? एका गटाकडून दुसऱ्याकडे कट केव्हा पडतो? बघणारे आपल्याला धावणाऱ्यांच्या जागेवरून दिसतात, की आपणच बघ्यांमध्ये बसलेलो असतो? राष्ट्रगीत सुरू झाल्यावर शॉट लांबतात की आखूड होतात? या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहिली की लेखाचा निम्मा मसाला जमतो. भाचीने बघ्यांचे शॉट मोजले, तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून "अगो, हे तर सगळे बघण्याबद्दलच आहे" असे वाक्य निघाले. तिला ते मी सांगितले असते तर ते फुकट गेले असते.

मांडवीच्या धक्क्यावर एक सकाळ

वहीतले शब्द अंगात मुरावेत म्हणून एक सकाळ पणजीच्या फेरी धक्क्यावर घालवा. मोबाइल पुरे.

बेतीहून फेरीबोट येताना दिसली की मोबाइल कठड्याला टेकवून स्थिर धरा आणि रॅम्प खाली टेकल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत एकच शॉट घ्या. हात हलवू नका, झूम करू नका. पुढच्या फेरीला तेच सहा तुकड्यांत घ्या, प्रत्येकी पाचेक सेकंदांचे: दोर, स्कूटरचे चाक, एक चेहरा, रॅम्प, पाऊल, पाणी. घरी येऊन दोन्ही लागोपाठ बघा.

पहिल्यात वेळ खरा वाटतो. कोणाकडे बघायचे ते बघणारा ठरवतो. कोपऱ्यातली मासळीची पाटी घेतलेली बाई तुमच्या लक्षातही नव्हती, पण ती तिथे आहे. दुसऱ्यात घाई आहे, ताण आहे, आणि तो तुम्ही निर्माण केलेला आहे, धक्क्यावर नव्हता. विसाव्या शतकातला सिनेमाविचाराचा एक मोठा वाद तुमच्या मोबाइलमध्ये उतरला आहे. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ लांब शॉट आणि खोलवर स्पष्ट दिसणारी चौकट यांच्या बाजूने उभा राहिला, कारण त्यात जगाची संदिग्धता शाबूत राहते आणि प्रेक्षकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते. रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइनचे म्हणणे होते की दोन शॉट एकमेकांवर आदळले की दोहोंत नसलेला तिसराच अर्थ जन्मतो. त्याच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधला ओडेसाच्या पायऱ्यांवरचा प्रसंग त्यासाठीच अजून शिकवला जातो.

आणखी एक प्रयोग त्याच धक्क्यावर होतो. मैत्रिणीचा चेहरा, काही भाव न आणता, पाच सेकंद घ्या. त्याला एकदा दूर जाणारी फेरी जोडा, एकदा गरम भजीची बशी, एकदा कुलूप लावलेले जुने घर. तीन वेगळ्या माणसांना एकेक तुकडा दाखवा आणि विचारा, तिच्या मनात काय चालले आहे. चेहरा तोच असून उत्तरे निराळी येतात. रशियात लेव्ह कुलेशॉवने शंभर वर्षांपूर्वी नटाच्या निर्विकार चेहऱ्यावर हेच करून पाहिले होते.

निघण्यापूर्वी जागेवर उभे राहून मोबाइल थोडा थोडा वळवा. एका चौकटीत नदी, माड आणि पलीकडची टेकडी. थोडे वळलात की कॅसिनोची जहाजे. आणखी वळलात की अटल सेतू. चौकट ठरवली म्हणजे कोणता गोवा बाहेर ठेवायचा तेही ठरवले. हे गोव्याच्या माणसाला कोणी शिकवावे लागू नये, कारण दुसऱ्यांनी धरलेल्या चौकटीत आपण पिढ्यान्पिढ्या राहत आलो आहोत. त्याकडे पुढे येते.

वर्णन, अर्थ, मत: तीन वाक्ये वेगळी ठेवा

"मुलगा चौकटीच्या उजव्या कडेला आहे, मधला भाग रिकामा आहे." हे वर्णन. सिनेमा पाहिलेला कोणीही ते नाकारू शकत नाही. "रिकाम्या जागेमुळे तो एकटा पडलेला वाटतो." हा अर्थ. यावर वाद होऊ शकतो, पण वर्णनाच्या आधारावर. "हा शॉट सुंदर आहे." हे मत. तीन रंगांच्या पेनांनी आपल्याच लेखात तिन्ही अधोरेखित करा. चांगल्या लेखात वर्णनाचा रंग सर्वांत जास्त दिसतो, मताचा अगदी कमी. 'अप्रतिम', 'प्रभावी', 'हृदयस्पर्शी' हे शब्द पहिले वर्षभर वर्ज्य करा असे मी सांगते. ते खोटे नसतात, पण ते लिहिले की पुढचे वाक्य लिहायची गरज वाटेनाशी होते.

आता दृष्टिकोन: प्रत्येक म्हणजे एक प्रश्न

पाठ्यपुस्तकात दृष्टिकोनांची नावे भारदस्त असतात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. त्यापेक्षा प्रत्येक दृष्टिकोनाचा मूळ प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

रूपाचा प्रश्न: हे कसे बांधले आहे? वर शॉटची वही केली ती याचसाठी. कोणताही दृष्टिकोन घेतला तरी ही पायरी चुकत नाही, म्हणून मी याला दृष्टिकोन कमी आणि पाया जास्त मानते.

दिग्दर्शकाचा प्रश्न: एकाच माणसाच्या निरनिराळ्या कामांत काय परत परत येते? १९५४ साली फ्रान्स्वा त्रुफोने 'काये दु सिनेमा' या मासिकात लिहिलेल्या लेखापासून हा विचार जोर धरू लागला आणि १९६२ साली अमेरिकेत अँड्र्यू सॅरिसने त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. वापरायला सोपा, म्हणून जपून वापरा. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) आणि 'सैराट'चा (२०१६) शेवट शेजारी ठेवून बघा. एकात दगड कॅमेऱ्यावर येतो, दुसऱ्यात आवाजच काढून घेतला जातो. दोन्हीकडे सिनेमा संपता संपता प्रेक्षकाचा सुरक्षित कोपरा हिरावला जातो. इथपर्यंत हा दृष्टिकोन फळ देतो. पण सगळे श्रेय एका नावावर टाकले की छायाचित्रकार, संकलक, ध्वनियोजक अदृश्य होतात. नाटकात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते की पडद्यामागची माणसे नसतील तर नाटक उभे राहत नाही.

प्रकाराचा प्रश्न: प्रेक्षक काय अपेक्षा घेऊन आला आहे आणि सिनेमा ती पुरवतो की मोडतो? शाळकरी वयातले प्रेम म्हटले की काय काय येणार हे आपल्याला माहीत असते. 'फँड्री' ते सगळे मांडते आणि मग त्यातच डुक्कर सोडते.

जात आणि वर्गाचा प्रश्न: कोणाचे श्रम दिसतात, कोणाचे लपतात, आणि हे असेच असायचे असे कोण भासवते? इथे थांबून काम करा, आपल्या समाजात याला पळवाट नाही. वही उघडा. डुक्कर पकडण्याचे काम किती वेळ पडद्यावर राहते? पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि फुले यांची चित्रे आहेत. ती चित्रे आणि पुढे चाललेले ओझे एकाच चौकटीत आहेत. कट करून एकामागून एक दाखवली असती तर ती टिप्पणी झाली असती. एका चौकटीत आल्यावर ती परिस्थिती होते, आणि त्या भिंतीवरून कोणाचीच नजर जात नाही हेही त्या परिस्थितीतच येते. रूपाचा पाया नसता तर इथे "जातिव्यवस्थेवर भाष्य" एवढेच लिहून झाले असते.

नजरेचा प्रश्न: कोण बघतो, कोणाला बघितले जाते? लॉरा मल्वी यांनी १९७५ साली 'स्क्रीन' या नियतकालिकात मांडले की चालू धाटणीच्या सिनेमात तीन नजरा एकमेकींत मिसळतात: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. त्या तिन्ही बहुधा पुरुषाच्या बाजूने कललेल्या असतात. हा प्रश्न 'फँड्री'ला विचारताना मुलांना अवघड वाटते, कारण सिनेमा त्यांना आवडलेला असतो. पण विचारा. जब्याला आवडणाऱ्या शालूबद्दल आपल्याला जे कळते ते बहुतांशी जब्याच्या डोळ्यांतून. त्याला बघण्याचा हक्क नाकारणाऱ्या गावाची गोष्ट सांगताना सिनेमा शालूला स्वतःची नजर किती देतो? एकाच सिनेमात एक अन्याय उघडा पडत असताना दुसरी बाजू अंधारात राहू शकते. हे लिहिल्याने सिनेमाचा अपमान होत नाही.

प्रेक्षकाचा प्रश्न: हा सिनेमा कोण, कुठे, कोणाबरोबर बघतो आहे? हा प्रश्न घरी सुटतो. आजीबरोबर बसून बघा आणि ती कुठे हसते, कुठे तोंड फिरवते, ते वहीत टिपा. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो, आणि नंतर त्या कुटुंबाबरोबर मराठी नाटकाला. रंगमंचावर परप्रांतीयाला हाकलण्याचा प्रसंग चालला आहे आणि प्रेक्षागृह खूश आहे. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीत अवघडले, कारण त्या प्रेक्षागृहात मी अनेकदा बसलेली आहे. आपण नाटक बघणाऱ्यांना बघतो आहोत, ही गोष्ट नाटकवेड्या घरातल्या मुलाला बाहेरच्या कोणापेक्षा जास्त लागेल. ते लागणे लिहा, पण वर्णनासकट.

रस: आपल्या हाताशी असलेले हत्यार

भरताच्या नाट्यशास्त्रातला रसविचार सिनेमाला लावायला पुष्कळ जण कचरतात. "करुण रस आहे" असे लेबल लावायचे असेल तर खरोखरच लावू नका. पण त्यातली अवजारे उपयोगी आहेत. विभाव म्हणजे भाव कशाने जागा झाला, अनुभाव म्हणजे तो शरीरावर कसा दिसला, व्यभिचारी भाव म्हणजे मधून येऊन जाणारे भाव. डुकराच्या प्रसंगाला हे लावा. शाळेतल्या मुलांसाठी धावपळ हा हास्याचा विभाव आहे. आपल्यासाठी तीच धावपळ करुणाचा. कृती एक, रस दोन, आणि दोन्ही प्रेक्षक एकाच पडद्यावर बघताहेत. आता शेवटच्या दगडाकडे परत या. तो आपल्याकडे का येतो? आपणही इतका वेळ बघतच होतो. माझ्या मते या प्रसंगाची ही सर्वांत खोल वाट आहे आणि ती आपल्या परंपरेतल्या शब्दांनी उघडते.

गोव्यातल्या विद्यार्थ्याने विचारायचाच असा प्रश्न

वसाहतीनंतरचा दृष्टिकोन विचारतो: कोणाची भूमी, कोणाच्या भाषेत, कोणासाठी दाखवली आहे? मुंबईच्या हिंदी सिनेमात गोव्याचा माणूस म्हटले की दशकानुदशके गळ्यात क्रूस आणि हातात बाटली. सत्तरीतला, पेडण्यातला, फोंड्यातला माणूस त्या गोव्यात राहतच नाही, आणि जो ख्रिस्ती माणूस दाखवला जातो त्याच्या खऱ्या घरालाही त्यात जागा नसते.

याच्या अभ्यासासाठी श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' (१९८५) घ्या. काळ १९६१चा, पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त होण्याच्या उंबरठ्यावरचा. चित्रीकरण लोटलीला, मारियो मिरांडा यांच्या घरात. त्यातले पुष्कळ अंतर्गत प्रसंग छायाचित्रकार अशोक मेहता यांनी मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले आहेत. एक प्रसंग निवडा आणि हे विचारा. उजेड कोणाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतो आणि नोकरमाणसे कुठे उभी आहेत? या घरात प्रत्यक्षात पोर्तुगीज आणि कोंकणी बोलली गेली असती, पडद्यावर हिंदी आहे, त्याने घराचे काय होते? सत्तरीच्या राणे घराण्याने पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या बंडांची सावली या घरावर कशी आणली आहे? भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घराची गोष्ट आहे, मग त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार कुठे आहे? हे प्रश्न दिल्लीच्या किंवा पॅरिसच्या अभ्यासकाला सुचायला पुस्तके वाचावी लागतील. तुम्हाला ते आजोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळालेले आहेत. ते वापरायला लाजू नका. फक्त आठवण हा पुरावा म्हणून लिहू नका. आठवणीने प्रश्न द्यावा, उत्तर चौकटीतून काढावे.

दोन प्रश्न निवडा, भांडणारे

सगळे दृष्टिकोन एका लेखात घालू नका. शॉटची वही उघडून बघा कोणत्या प्रश्नाला ती भरभरून उत्तर देते. तो घ्या. मग असा दुसरा घ्या जो पहिल्याला अडवेल. जात आणि नजर ही 'फँड्री'पुरती चांगली जोडी आहे. 'कोर्ट'ला बाझँचा लांब शॉट आणि प्रेक्षकाचा प्रश्न अशी जोडी लावून पाहा: कॅमेरा स्थिर आहे, आपल्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे, मग आपण नक्की काय बघायचे निवडतो?

महोत्सवात

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून गोव्यात होतो, नोव्हेंबरात. विद्यार्थ्यांसाठी वेगळी नोंदणी असते, ती उघडली की लगेच करा. मग मोह आवरा. दिवसाला पाच सिनेमे बघणारी मुले चौथ्या दिवशी काहीच बघत नसतात, नुसती बसलेली असतात. दिवसाला दोन. दोहोंच्या मध्ये तासभर कांपालला मांडवीच्या काठी बसून दहा आठवणींची यादी. तिथे सिनेमा मागे नेता येत नाही, म्हणून शॉटची वही शक्य नाही. त्याऐवजी प्रत्येक सिनेमातला एकच कट लक्षात धरून आणा आणि तो दोन्ही बाजूंच्या शॉटसकट लिहा. न समजणाऱ्या भाषेतला सिनेमा मुद्दाम घ्या आणि त्यातली दहा मिनिटे खालच्या अक्षरांकडे न बघता काढा. कानाला काम नसले की डोळे आपोआप उघडतात.

वाचायला पाटोवरचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ सालापासून चालत आलेले हे ग्रंथालय आपल्याच बसस्टँडाच्या पलीकडे असून पुष्कळांनी आत पाऊल ठेवलेले नसते.

लिहायला बसताना

आधी एक वाक्य लिहा, तुमच्या म्हणण्याचे. कसोटी अशी: सिनेमा नीट पाहिलेला शहाणा माणूस त्याला "मला नाही पटत" म्हणू शकतो का? "फँड्रीत जातिभेद दाखवला आहे" याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून ते वाक्य निरुपयोगी. "डुकराच्या प्रसंगात सिनेमा पकडणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच जास्त चौकशी करतो" हे चालेल, कारण ते सिद्ध करावे लागेल.

आठशे शब्दांच्या लेखात कथेला साठ शब्दांच्या वर देऊ नका. तीन पुरावे घ्या, प्रत्येकाला मिनिट-सेकंद लिहा, आधी वर्णन मग अर्थ. चौथा परिच्छेद तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाणाऱ्या शॉटला द्या. असा शॉट वहीत सापडत नसेल तर वही घाईत भरली आहे असे समजा. तांत्रिक शब्द तेव्हाच वापरा जेव्हा तो न वापरता वाक्य लांबते. शॉट, कट, क्लोजअप हे शब्द मराठीच झाले आहेत, त्यांच्यासाठी संस्कृत प्रतिशब्द घडवत बसण्यात वेळ जातो आणि वाचक अडखळतो.

लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्या. सकाळी तोच प्रसंग पुन्हा लावा, लेख शेजारी ठेवा, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून पडद्याकडे बोट दाखवता येते का ते बघा. भाचीने दुसरा मसुदा असाच तपासला. चार ठिकाणी तिने "दिग्दर्शकाला असे म्हणायचे आहे" खोडून त्या जागी मिनिट-सेकंद आणि दिसणारी गोष्ट लिहिली. पाचव्या ठिकाणी लिहायला मिनिट-सेकंदच सापडेनात. तिने प्रसंग दोनदा मागे-पुढे केला, मग पेन उचलून ते वाक्य काढून टाकले.